हात वर झाले, ठराव पास. मग अडचण काय?

पिंपळपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. परळला जुन्या चाळीच्या जागी उभा राहिलेला टॉवर, अर्धे आम्ही मूळ भाडेकरू, अर्धे विकत घेऊन आलेले. पाण्याचं बिल, लिफ्टचं एएमसी, पार्किंगची नेहमीची मारामारी सगळं उरकलं, लोक सामोसे खाऊन उठायच्या बेतात, आणि "आयत्या वेळचे विषय" मध्ये एकाने तीन गोष्टी मांडल्या. पाडव्याच्या शोभायात्रेला दरवर्षी मेंटेनन्सच्या पैशातून वर्गणी जाईल. गेटवर कायमचा भगवा लागेल. आणि यापुढे फ्लॅट विकताना "आपल्या संस्कृतीचा" माणूस बघूनच विकायचा, गिऱ्हाईक आधी कमिटीला दाखवायचं. हात वर करा म्हणाले, सत्तरेक हात वर. विरोधात पाच. तळमजल्यावरचे चाचा, जे चाळीत गणपतीच्या मंडपाचं लायटिंग स्वतः उभं राहून करून घ्यायचे, ते चष्मा पुसत बसले होते. अध्यक्ष म्हणाले, लोकशाही आहे, बहुमत आहे, विषय संपला.

माझा हात वरही नव्हता आणि विरोधातही नव्हता. मी मोबाईलमध्ये बघत होतो. हे आधीच लिहून टाकतो म्हणजे कोणी नंतर विचारायला नको.

आता, पाडव्याच्या यात्रेला मी दरवर्षी फेटा बांधून जातो, त्यामुळे मला कोणी पुरोगामी वगैरे म्हणू नका. मला डाचतंय ते "लोकशाही आहे, विषय संपला" हे वाक्य. मे १९४५ मध्ये इथेच मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जे मांडलं होतं ते आठवलं. राजकीय बहुमत घडवावं लागतं, आज असतं उद्या मोडतं, पण आपल्याकडचं बहुमत जन्मानेच ठरून येतं, असा त्याचा आशय. पार्किंगवर मी यंदा हरलो तर पुढच्या वर्षी चार जणांना चहा पाजून जिंकू शकतो. चाचा पुढच्या वर्षी कोणाला काय पटवणार? त्यांचे पाच हात कायम पाचच राहणार. ज्या सभेत एक बाजू कधी हरूच शकत नाही तिला सभा कशाला म्हणायचं, मस्टर म्हणा.

आणि दुसरं. धर्माच्या नावाने राष्ट्र बांधायचं म्हटलं की चर्चा कायम "त्यांचं काय होणार" यावर होते. मला हल्ली "आपलं काय होणार" याची जास्त भीती वाटते. पाकिस्तानात मार्च १९४९ ला उद्दिष्टांचा ठराव आला, त्यात राज्य इस्लामच्या चौकटीत बांधायचं ठरलं. घटना समितीतल्या हिंदू सदस्यांनी विरोध केला. ठरावाच्या बाजूने जे बोलले त्यात परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान होते, आणि ते अहमदिया, म्हणजे स्वतःला मुस्लिमच म्हणवणाऱ्या पण कट्टर मौलवी मुस्लिम मानत नाहीत अशा पंथाचे. चारच वर्षांत, १९५३ ला, यांना मंत्रिमंडळातून काढा म्हणून लाहोरात दंगली झाल्या, लष्कर आणावं लागलं. १९७४ ला निवडून आलेल्या संसदेने रीतसर मत घेऊन अहमदियांना गैरमुस्लिम ठरवलं. तिथेही हातच वर केले असतील की. ज्या माणसाने घराचा पाया घालायला मदत केली त्यालाच घराबाहेर काढलं, आणि ते बघायला तो जिवंत होता.

तर काथ्याकूट करा. शिवीगाळ नको, एवढंच.

बटाटवडा

पयला! काडी टाकलीत, आता शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माहीमची_मैना

+१. "मी मोबाईलमध्ये बघत होतो" हे वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडे मीच होते ती.

रोखठोक

धागाकर्ते, लेख चांगला लिहिलाय पण चष्मा एकाच बाजूचा आहे असं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. १९८५ ला घटस्फोटित शाहबानोला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली, ८६ ला राजीव गांधींनी संसदेतल्या बहुमताच्या जोरावर कायदा करून तो निकाल फिरवला, तेव्हा लोकशाही धोक्यात आली नव्हती? त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे अयोध्येत कुलूप उघडलं, म्हणजे दोन्हीकडचे लाडू एकाच हलवायाचे. "धर्मनिरपेक्ष" हा शब्द प्रास्ताविकेत आला १९७६ ला, आणीबाणीत, अर्धा विरोधी पक्ष तुरुंगात असताना. हिंदू माणूस चिडला तो उगाच चिडला नाही. माझं बालपण जोगेश्वरीत गेलंय, ९३ च्या जानेवारीत माणसं जाळली त्या राधाबाई चाळीचं नाव घेतलं की आमच्या घरात अजून सगळे गप्प होतात.

दुसरा मुद्दा, इंग्लंडचा राजा चर्चचा प्रमुख आहे, त्यांच्या वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात. तिथली लोकशाही मेली का? मग आमच्या गेटवर झेंडा लागला तर कोणाचं काय बिघडतं?

किल्ला_कोर्ट

वकील आहे, त्यामुळे थोडं बोअर करणार.

रोखठोक, शाहबानोबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ती चूकच होती, आणि ती चूक म्हणजे मौलवींना समाजाचे मालक समजणं. पण त्याचं उत्तर आता महंतांना मालक करणं आहे का, हे सांगा.

इंग्लंडचं म्हणाल तर तिथे चर्च राहिलं पण नागरिक असण्याची अट सुटत गेली. १८२९ ला कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता आलं, १८५८ ला पहिला ज्यू खासदार आपल्या पद्धतीने शपथ घेऊन बसला. त्यांची गाडी सैल होण्याच्या दिशेने गेली. आपण ज्याबद्दल बोलतोय ती उलट्या दिशेची गाडी आहे, जो आधीपासून नागरिक आहे त्याला पुन्हा परीक्षेला बसवायचं. राज्याला धर्म असणं एक, आणि राष्ट्र म्हणजेच तो धर्म असं म्हणणं वेगळं.

७६ चा शब्द: शब्द तेव्हा आला हे खरं, पण १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत काय झालं ते बघा. ह. वि. कामतांनी दुरुस्ती आणली की प्रास्ताविका "ईश्वराच्या नावाने" सुरू करावी. आसामचे एक सदस्य म्हणाले मग देवीच्या नावाने का नको. (आपल्याकडे देवाचा विषय निघाला आणि फाटा फुटला नाही असं झालंय का कधी.) शेवटी मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, दुरुस्ती पडली. पाडणारे काही नास्तिक नव्हते, घरी संध्या-पूजा करणारे लोक होते. १९९४ ला बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत रचनेत आहे असं सांगितलं, आणि ७६ च्या शब्दाला आव्हान देणाऱ्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळल्या.

आता आपल्या मुंबईचं. १९८७ ला विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली, डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारात बाळासाहेबांनी धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून हायकोर्टाने १९८९ ला निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं. बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क ६ वर्षं काढून घेतला तो याच प्रकरणात. आणि गंमत बघा, त्याच दिवशी मनोहर जोशींच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं भाषणात म्हणणं ही नुसती आशा आहे, मतांसाठी केलेलं आवाहन नाही. एकाच दिवशी दोन निकाल, आणि पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिला तो दुसरा. मग २०१७ ला सात न्यायमूर्ती बसले (तीही केस सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीची!) आणि ४ विरुद्ध ३ ने ठरलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मतं मागणंही भ्रष्ट आचार. कायदा कागदावर छान आहे. फक्त निवडणूक १९९० ची आणि मुद्द्याचा निकाल २०१७ चा, तोवर बाळ कॉलेजात जाऊन नोकरीला लागतं.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत होतो, कोलंबोला खूपदा थांबायचो, युद्धाच्या काळातही. त्यामुळे लंकेचं थोडं वाचलंय. भंडारनायके १९५६ ला बौद्ध भिक्खू आणि सिंहली भाषा यांच्या लाटेवर बसून निवडून आले, लगेच "फक्त सिंहली" कायदा. पुढच्या वर्षी त्यांना वाटलं आता तमिळांशी जरा जुळवून घ्यावं, म्हणून तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. भिक्खू घरासमोर येऊन बसले, करार गुंडाळावा लागला. सप्टेंबर १९५९ ला एका भिक्खूनेच त्यांना घरी येऊन गोळ्या घातल्या. पुढचं म्हणजे ८३ च्या तमिळविरोधी दंगली आणि २६ वर्षांचं युद्ध सगळ्यांना माहितीये. धागाकर्ते म्हणतात ते "आपलं काय होणार" हेच. वाघावर बसणं सोपं, उतरताना कोणाला विचारणार.

गिरणगाव_७३

पिंपळपार भाऊ, तुमची चाळ मला माहीत असणार बहुतेक, आमची दोन गल्ल्या सोडून होती.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. युनियनच्या गेट मीटिंगला सगळे असायचे, कोकणातले मुसलमान, घाटावरचे, भय्ये, आंध्राचे पद्मशाली. प्रेम होतं असं नाही हां, शिव्या देऊन बोलायचे एकमेकांना, पण बोनस एकत्र मागायला लागायचा म्हणून एका सतरंजीवर बसायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस घरी बसला, आणि नंतर ती सतरंजी गेली ती गेलीच. तरुण पोरं रिकामी, त्यांना बसायला मंडळ आणि शाखा. दहा वर्षांनी ९२-९३ ला काय झालं ते आपण बघितलं. सगळं संपामुळे झालं असं म्हणत नाही, पण पोरांना अडवायला जे म्हातारे पूर्वी नाक्यावर उभे राहायचे त्यांचं वजनच उरलं नव्हतं.

आशुतोष वार्ष्णेय नावाच्या प्राध्यापकांनी १९५० ते १९९५ मधल्या दंगलींचा अभ्यास केलाय. त्यांचं म्हणणं असं की शहरात नुसती ओळखपाळख, ईदचा शीरखुर्मा-दिवाळीचा फराळ याने दंगल थांबत नाही. जिथे दोन्हीकडचे लोक एकाच संघटनेत असतात, व्यापारी संघ, युनियन, क्लब, तिथे अफवा दाबली जाते, कारण दंगल झाली तर दोघांचं नुकसान. कालिकत आणि अलीगढची त्यांनी तुलना केलीय, दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण जवळपास सारखं, एक शांत आणि दुसरं पेटणारं.

आणि लांब कशाला, भिवंडी बघा. ७० ला जळली, ८४ ला जळली. ८८ पासून सुरेश खोपडे तिथे डीसीपी होते, त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्हीकडचे लोक आणि हवालदार, गटार तुंबलं म्हणूनही मीटिंग. डिसेंबर ९२ ला मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत मोहल्ला कमिटीचं काम उभं राहिलं ते रिबेरो साहेब, सुशोभा बर्वे, तेव्हाचे कमिशनर सतीश साहनी यांच्यामुळे. आमच्याकडे तर पोलीस विरुद्ध पब्लिक क्रिकेट मॅच व्हायची, पोलीस हरायचे.

म्हणून सांगतो, तुमच्या सोसायटीची सभा छोटी गोष्ट नाही. तीच तर सतरंजी आहे.

रोखठोक

गिरणगाव काका, तुमचं पटलं, खोपडे साहेबांना मानतोच. पण दंगलीचं बोलताना ९३ च्या १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांना का विसरता सगळे? २५७ माणसं गेली त्यात.

गिरणगाव_७३

विसरलो नाही रे. त्या दिवशी माझा चुलत भाऊ सेंच्युरी बाजारच्या सिग्नलला होता, वाचला. बॉम्बस्फोटाचा खटला चालला, टाडा कोर्टात शंभर जणांना शिक्षा झाल्या, एकाला फाशीही झाली. बरोबरच झालं. पण त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत नऊशे माणसं मेली, त्याचा श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत युती सरकारने बंदच करून टाकला, मे मध्ये पुन्हा सुरू केला, ९८ ला अहवाल आला तो नाकारला. पुढे आघाडीचं सरकार पंधरा वर्षं होतं, अहवाल राबवू म्हणून मतं मागितली, त्यांनी तरी काय दिवे लावले? बेपत्ता लोकांच्या नातेवाइकांना शोधून भरपाई द्या हे सुप्रीम कोर्टाला २०२२ साली सांगावं लागलं. तुझ्या राधाबाई चाळीतल्यांचाही त्यात हिशोब होता. सरकार एका बाजूचा हिशोब चुकता करतं आणि दुसऱ्या बाजूचा फाडून टाकतं, तेव्हा "कायदा सगळ्यांना सारखा" हे वाक्य पोरांना कोणत्या तोंडाने शिकवायचं?

बाणकोटचा

गप्प बसणार होतो. मी मुसलमान, मातृभाषा मराठी, म्हणजे आमची बोली, तुम्हाला कोकणी वाटेल. २००९ ला फ्लॅट शोधत होतो. एजंट फोनवर माझं मराठी ऐकून खूश, "मराठी माणूस आहे, मालकाला पाहिजेच होता", मग नाव सांगितलं की "साहेब, तो फ्लॅट कालच गेला". अकरा वेळा. मी मोजले, कारण बायकोने वहीत लिहून ठेवलं होतं.

पण दुसरी बाजू पण सांगतो. आमच्याकडचे हमीद दलवाई. १९६६ च्या एप्रिलमध्ये सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात. माझी आजी म्हणायची तो धर्म बुडवायला निघालाय. समाजाने त्या माणसाला काय काय सुनावलं. आता अडचण काय आहे माहितीये? आज माझ्या घरात मी दलवाईंसारखं काही बोललो तर पोरगा म्हणतो, "अब्बा, बाहेर वातावरण काय आहे आणि तुम्ही आपल्याच लोकांना बोलताय?" बाहेरचा दबाव वाढला की आतला मौलवी मोठा होतो आणि दलवाई लहान होतो. तिकडच्या कट्टरांना इकडचे लागतात, इकडच्यांना तिकडचे.

माहीमची_मैना

बाणकोटचा, हेच हिंदूंच्या आतही झालं ना. दाभोलकर काय परके होते? सातारचा माणूस, डॉक्टर, कबड्डी खेळायचे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले आणि पुलावर गोळ्या. जादूटोणाविरोधी कायदा किती वर्षं अडकून पडला होता, ते गेल्यावर चार दिवसांत वटहुकूम निघाला. मग २०१५ ला पानसरे, कलबुर्गी, २०१७ ला गौरी लंकेश. दाभोलकरांच्या खटल्यात २०२४ ला निकाल, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले, आणि कट कोणी रचला ते अंधारातच.

मी एका छोट्या संस्थेत काम करते, धारावीत मुलींचे अभ्यासवर्ग. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी देणगीतून ऑफिसचा खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आणला, एका संस्थेने दुसरीला पैसे द्यायला बंदी, खातं फक्त दिल्लीच्या एकाच शाखेत. आमच्यासारख्यांना पैसे यायचे ते मोठ्या संस्थेकडूनच, ते थांबले. कायदा मूळचा इंदिराबाईंचा, १९७६ चाच, त्यामुळे एकाच पक्षाला बोलत नाही. पण आता देणगीदार फोनवर आधी विचारतात, "तुमच्याकडे धर्मांतराचं वगैरे काही नाही ना?" आम्ही गणित शिकवतो हो. अपूर्णांक.

बटाटवडा

पॉपकॉर्न संपलं. आता सिरियसली वाचतोय.

रोखठोक

ठीक आहे. मी मागे हटत नाहीये, मला हिंदू असल्याचा अभिमान आहे आणि राहणार. पण वर्गणी मेंटेनन्समधून घेणं चुकीचंच, ती ऐच्छिक हवी, देवाच्या नावाने जबरदस्तीची पावती फाडणं आपल्यात बसत नाही. झेंडा सणाला लावा. फ्लॅटचा ठराव... बाणकोटवाल्यांचं ते अकरा वेळा वाचलं आणि जरा थांबलो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने "नॉनव्हेजवाले नकोत" सुरू केलंय, म्हणजे बोंबील खाणारे आम्ही पण गेलो. मी मालवणचा.

पिंपळपार (धागाकर्ता)

हेच म्हणत होतो रोखठोक, चाळणी एकदा हातात घेतली की भोकं कोण ठरवणार.

आज संध्याकाळी चाचांकडे गेलो होतो. मला वाटलं भाषण देतील नाहीतर रडतील, तसं काही नाही. शेअर सर्टिफिकेटची फाईल काढून बसले होते. एवढंच विचारलं, "माझ्यानंतर खोली पोराच्या नावावर करायची तर त्याला पण कमिटीला दाखवावा लागंल का रे?" टॉवरमधल्या फ्लॅटला ते अजून खोलीच म्हणतात. मला उत्तर देता आलं नाही. किल्ला कोर्ट साहेब, सांगता का?

किल्ला_कोर्ट

नाही लागणार, सांगा त्यांना. मॉडेल बायलॉजप्रमाणे फ्लॅट विकायलासुद्धा सोसायटीची एनओसी लागत नाही, वारसाचं तर सोडाच. नॉमिनेशन केलंय का तेवढं बघा.

आणि असा ठराव सामोसे खाताना हात वर करून होतच नाही. बायलॉज बदलायचे तर १४ दिवस आधी नोटीस, हजर सभासदांच्या दोन-तृतीयांश मतं, वर निबंधकाची मंजुरी. त्याशिवाय तो कागद म्हणजे रद्दी. २००५ चा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा निकाल कोणीतरी तुमच्या तोंडावर मारेल, त्यात सुप्रीम कोर्टाने फक्त पारशी ही अट मान्य केली होती, पण ती अट त्यांच्या नोंदणीकृत बायलॉजमध्ये पहिल्यापासून होती. तुमच्यात नाही. (तो निकाल मला आवडत नाही, तो भाग वेगळा.) १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ ने जे ठरलं, की संसदेत दोन-तृतीयांश असले तरी घटनेतल्या काही गोष्टींना हात लावता येणार नाही, ते तुमच्या अध्यक्षांना सांगायची गरज नाही, बायलॉजचं पुस्तक पुढे ठेवा, पुरेल.

सेक्रेटरीला पत्र द्या, विरोध इतिवृत्तात नोंदवा म्हणून. पोच घ्यायला विसरू नका.

गिरणगाव_७३

पत्र मराठीतच लिहा आणि सभ्य भाषेत. उद्या त्याच लोकांबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायचंय.

पिंपळपार (धागाकर्ता)

पत्र लिहिलं, बायकोने दोनदा खोडलं, तिसरा खर्डा झाला. विरोधात हात केलेल्या पाच जणांच्या सह्या झाल्या, सहावी माझी. बी विंगमधले दोघं "उद्या सांगतो" म्हणालेत, त्यातल्या एकाने रविवारी हात वर केला होता.